साडेसहाची काडतुसं

स्काउगन, २१ ऑगस्ट

सोलरुन,

तुझं पत्र मिळालं. जाहिरातींच्या गठ्ठ्यात अडकलं होतं, थोडक्यात शेगडीत जायचं राहिलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि ते तसंच टेबलावर ठेवून दिलं. वाटलं, आईची एखादी वस्तू हवी असेल. शेवटी फोडलं, तर आत काडतुसांची चौकशी!

हसू आलं असं लिहिणार होतो, पण आलं नाही. 'रक्ताळलेले बूट पायरीवर वाळतात त्या घरात मी जेवणार नाही' म्हणून जी मुलगी याच टेबलावरून उठून गेली, ती आता मला विचारते की लाल हरणाच्या मादीला कोणतं काडतूस बरं. तू कारणंही दिली आहेस. नव्या रोपांचे शेंडे हरणं खातात, तिकडे लांडगे उरले नाहीत, रोपवनातली नोकरी टिकवायची तर बंदूक हातात घ्यावी लागते. कारणं दिली नसतीस तरी चाललं असतं. मी विचारलं नसतं.

तू फोन केला नाहीस ते बरं केलंस. आई होती तेव्हा मी 'थांब हं, आईला देतो' एवढंच म्हणायचो आणि सुटायचो. आता सुटायची सोय नाही. पत्रात निदान मधे थांबून कॉफी पिता येते.

तर काडतूस.

तुझा तो कामावरचा मॅक्फेलसाहेब तीनशेची मॅग्नम घे म्हणतो, म्हणजे मोठ्या काडतुसाची बंदूक. घेऊ नकोस. साडेसहा मिलिमीटरची जुनी बंदूक घे, आपल्याकडे घरोघरी असते तीच. आपल्या दरीत लोक तिच्यावर शंभर वर्षं मूस पाडत आलेत, आणि मूस म्हणजे घोड्याहून उंच जनावर. तुमची हरिणी तिच्यापुढे काय आहे? बंदूक खांद्याला लाथ मारत नाही, म्हणून बार उडताना डोळे मिटत नाहीत. हे मी सगळ्यात आधी लिहितो, कारण बाकीचं सगळं याच्यानंतर येतं. मोठ्या काडतुसाने घाबरत मारण्यापेक्षा लहान काडतुसाने शांतपणे मारलेलं बरं.

त्या छोट्या रो हरणाला तेच काडतूस चालेल, फक्त हलकी गोळी घे आणि खांद्याच्या हाडावर मारू नकोस, मागे बरगड्यांत मार. नाहीतर निम्मं मांस जांभळं होतं. तू मांस खात नाहीस, पण कुणीतरी खाणारच. पक्ष्यांना अखंड आवरणाची गोळी लागते, ती न फुटता आरपार जाते. पण ती चुकूनसुद्धा हरणावर वापरायची नाही. सुईने टोचल्यासारखी जाते आणि जनावर दोन दिवस तडफडत मरतं. अशी जखमी जनावरं शोधायलाच पथक मला बोलावतं, म्हणून सांगतो.

तुमच्याकडे शिशाच्या गोळ्या बंद झाल्यात असं लिहितेस. मग तांब्याची गोळी. ती शिशाहून हलकी असते, तिला वेग लागतो. लांबून मारलीस तर नीट उमलत नाही. जवळ जा. आणि तांबं लागल्यावर हरीण जागच्या जागी पडत नाही, पळतं. तू चुकलीस असं समजून धावू नकोस. उभी राहा. तुझ्या छातीतली धडधड थांबेपर्यंत उभी राहा. तेवढ्यात ते कुठेतरी आडवं झालेलं असतं.

बेरा बरी आहे. म्हातारी कुत्री, तोंडावर पांढरी झाली आहे, पण माग सोडत नाही.

बाबा


स्काउगन, १६ ऑक्टोबर

सोलरुन,

तू बंदूक घेतलीस, कागदी ठिपक्यांवर नेम बरा बसतो, वाचून बरं वाटलं. कागदाला पाय नसतात, एवढं लक्षात ठेव.

इकडे मुसांचा हंगाम संपत आला. हे पत्र लहानच होईल, बसून लिहिणं जरा अवघड जातंय.

आपल्या शेजारच्या आयलिफकाकांनी यंदा नवी बंदूक आणली, ती तीनशेची मॅग्नम. तुझ्या मॅक्फेलसाहेबांचा आणि त्यांचा पत्रव्यवहार असावा. सगळ्या शिकारी टोळीला दाखवत फिरत होते. "तोर्गेर, तुझी ती साडेसहा आता पोरीबाळींना देऊन टाक. ही बघ, पहाडाच्या पलीकडचा मूस मारेल."

मी म्हटलं, "पहाडाच्या पलीकडे शोधायला कोण जाणार?"

"तूच की. पगार घेतोस ना त्याचा?" सगळे हसले. मीही हसलो.

पहिल्याच आठवड्यात दलदलीच्या कडेला एक मादी आणि तिचं पिल्लू आयलिफच्या समोर आलं. त्याने मादीवर गोळी घातली. पिल्लू असताना आईला मारायचं नाही, आधी पिल्लू, हे दरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्याला म्हणे पिल्लू दिसलंच नाही. मी तिथे पोचलो तेव्हा तो झाडाला टेकून बसला होता. भुवई फुटून डोळ्यावर रक्त आलेलं. बाराच्या धक्क्याने बंदुकीवरची दुर्बीण उलटी येऊन आपटली होती. म्हणजे बार उडण्याआधीच तो अंग चोरून बसला होता.

"छातीत बसली," तो म्हणाला. "अगदी छातीत, शपथ."

मी गवतात वाकून बघितलं. हिरवट पाणी, अर्धवट पचलेला पाला आणि पांढरे आखूड केस. पोट. त्यानेही ते पाहिलं होतं.

पोटाचा मार असला की लगेच मागे जायचं नसतं. जनावर उठतं आणि मैलोन्‌मैल जातं. बसून राहायचं. आम्ही दोघं बसलो. आयलिफने डब्यातली पातळ भाकरी आणि तपकिरी चीज काढलं. मला दिलं, स्वतः खाल्लं नाही. पिल्लू दलदलीपलीकडून हाका मारत होतं. पुष्कळ वेळाने तो म्हणाला, "तोर्गेर, तुला दर वेळी असंच बसावं लागतं?"

मी म्हटलं, "भाकरी चांगली झालीय."

मग बेराला सोडलं. मादी दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, नाल्याच्या वरच्या अंगाला, जिवंत. मी ते काम केलं. पिल्लूही मारावं लागलं, आईशिवाय हिवाळा निघाला नसता. साडेसहानेच. उतरताना ओल्या ओंडक्यावरून पाय सटकला, जरा मुरगळला आहे. काळजीचं काही नाही.

तुला एवढंच सांगायचं होतं की काडतूस मोठं असलं म्हणून पोट छाती होत नाही.

बाबा


२४ नोव्हेंबर

सोलरुन,

पत्ता आपला नेहमीचाच घाल, पत्रं मला मिळतात. कागद वेगळा आहे इकडे लक्ष देऊ नकोस. हाताशी होता तो घेतला.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला वाटतं तसं मला ते वाचून 'सांगितलं होतं ना' असं काही वाटलं नाही.

तू लिहितेस की उजेड कमी होत होता, रिपरिप होती, मादी उतारावर तिरकी उभी होती आणि मॅक्फेल मागून हळू आवाजात म्हणत होता, 'घे, घे, जाईल ती.' तू गोळी झाडलीस. ती तीन पायांवर पळाली. तुला हाडाचा तुकडा सापडला आणि मग पावसाने सगळं धुऊन नेलं. दोन दिवस शोधलंस. सापडली नाही. आणि आता मॅक्फेल म्हणतो की मोठं काडतूस असतं तर असं झालं नसतं, तर बाबा, मी बंदूक बदलू का?

नको.

पुढचा पाय मोडला तो गोळीच्या आकाराने नाही, तिरक्या नेमाने. मोठ्या गोळीनेही तोच पाय मोडला असता, जरा जास्त मोडला असता, इतकंच. बदलायचंच असेल तर मागे उभं राहून 'घे, घे' म्हणणारा माणूस बदल. निदान त्याला सांग, साहेब, मी चाप ओढत असताना तोंड बंद ठेवा. हे मी विनोदाने लिहीत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या शोधांत निम्म्या जखमी जनावरांच्या मागे असा एक कुजबुजणारा माणूस होता.

ती सापडेल का, असं तू विचारलं आहेस. नाही सापडणार आता. कदाचित जगेलही. तीन पायांवर जगलेल्या हरिणी मी पाहिल्या आहेत, पिल्लं घेऊन फिरणाऱ्या. कदाचित जगणार नाही. मला माहीत नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी खात्री देणार नाही.

तू असंही लिहिलंस की नोकरी सोडावी असं वाटतं. मी त्यावर काय बोलणार? तू पहिल्यांदा हे सगळं सोडून घरातून गेलीस तेव्हाही मला बोलता आलं नव्हतं. तेव्हा तुझं चूक होतं असं मला कधी वाटलं नाही. हे आईला माहीत होतं. तिने तुला सांगितलं असेल असं मी धरून चाललो होतो.

इथे खिडकीतून नदी दिसत नाही, गाड्या लावायची जागा दिसते. एक बाई रोज सकाळी येऊन मला चालायला लावते. "तोर्गेर, अजून चार पावलं, मग कॉफी," म्हणते. तिच्याशी वाद घालून उपयोग नाही, आईसारखीच आहे.

पायाबद्दल विचारू नकोस. बरा होतोय.

बाबा


स्काउगन, १२ डिसेंबर

सोलरुन,

आयलिफने तुला फोन केला हे मला आवडलं नाही. खुबा मोडला हे तुला सांगायचं असतं तर मी सांगितलं असतं. तू कामावर होतीस, समुद्रापलीकडे होतीस, आणि तू येऊन हाड लवकर जुळणार नव्हतं.

पण आयलिफला रागावू नकोस. तो रोज येतो. चूल पेटवतो, बर्फ काढतो, बेराला फिरवतो. ती त्याच्याबरोबर जाते, पण ओढत जाते. परवा तो दारातच उभा राहून म्हणाला, "तोर्गेर, त्या ओंडक्यावर तू माझ्यामुळे गेलास." मी म्हटलं, "ओंडक्यावर मी माझ्या पायांनी गेलो. दार लाव, थंडी येतेय."

नाताळला येतेस म्हणतेस. ये. वरच्या खोलीतली शेगडी आयलिफ बघून ठेवेल. डुकराचं मांस करणार नाही. दुधात शिजवलेला भात करीन, वर लोणी आणि दालचिनी, तो तू खायचीस. अजून खात असशील तर.

बाबा


स्काउगन, ९ जानेवारी

सोलरुन,

तू पोचल्याचा निरोप मिळाला. फोनवर आपण हवामानावर बोललो. म्हणून पुन्हा पत्र.

नाताळातल्या सत्तावीस तारखेबद्दल लिहायचं आहे. तू इथे होतीस तोवर त्या सकाळबद्दल आपण दोघांनी चकार शब्द काढला नाही. आपल्या घराण्यात ते कुणाला जमलंय म्हणा.

पोलिसांचा फोन आला तेव्हा आपण न्याहारीला बसलो होतो. लाकडांच्या ट्रकने शाळेजवळच्या वळणावर मुसाला उडवलं, मागचे पाय गेलेत, तो घासत घासत नूरब्यूंच्या घरामागच्या झुडपात शिरलाय. मी सवयीने 'येतो' म्हणालो आणि उठायला गेलो. कुबड्या खाली पडल्या. तू त्या उचलून माझ्या हातात दिल्यास आणि माझे बूट बाजूला सारून स्वतःचे चढवलेस.

"आयलिफकाका येतायत ना? त्यांच्याकडे पथकाचा परवाना आहे. कुत्री माझ्याबरोबर येईल."

"तुला जायची गरज नाही," मी म्हटलं.

"बेरा त्यांच्यासाठी माग काढेल का?"

नाही काढणार, हे आपल्या दोघांना माहीत होतं.

आयलिफ आला, खांद्याला मॅग्नम. तू त्याच्याकडे बघून म्हणालीस, "काका, तुमची तोफ गाडीतच राहू दे." आणि तो, ज्याने अख्ख्या टोळीला तोंड उघडू दिलं नव्हतं, तो म्हणाला, "बरं बाई."

मी कपाटातून साडेसहा काढली. काडतुसांच्या दोन पेट्या टेबलावर ठेवल्या आणि तांब्याची पेटी तुझ्याकडे सरकवली. मनात म्हटलं, तिच्या हाताला हीच सवय आहे. मी फक्त तुझा विचार करत होतो, सोलरुन. जागेचा केलाच नाही. तू विचारलंस, "मुसाच्या मागे काय आहे?"

"झुडूप."

"झुडपाच्या मागे?"

मी बोलेपर्यंत तूच म्हणालीस, "नूरब्यूंचं घर, आणि मग रस्ता. तांबं आरपार जाईल, बाबा. ती शिशाची जड गोळी द्या, आतच राहते ती." आणि तांब्याची पेटी माझ्याकडे परत सरकवलीस.

तुम्ही गेलात. मी खिडकीशी उभा राहिलो. मला तिथून काही दिसत नाही, कोठाराचं छप्पर आड येतं. एक बार ऐकू आला. मी दुसऱ्याची वाट बघत राहिलो. इतकी वर्षं हेच ऐकत आलोय: एक बार, मग थोड्या वेळाने दुसरा, मग फोन. दुसरा आला नाही.

पुढचं आयलिफने सांगितलं, तू नाही. तो म्हणतो, वळणावर माणसं जमली होती, फोन वर धरून. तू त्यांच्यावर ओरडलीस, "ते खाली ठेवा आणि घरात जा!" आणि ती गेली. बेरा तुला सरळ मुसापाशी घेऊन गेली. मूस पुढच्या पायांवर अर्धवट उठून बसला होता, अंगातून वाफा निघत होत्या. आयलिफने म्हटलं, "घे आता." तू म्हणालीस, "काका, गप्प बसा." आणि गुडघाभर बर्फातून लांबचा वळसा घालून त्या बाजूला गेलीस जिथून मुसाच्या पाठीशी मातीचा बांध येत होता. मुसाने मान वळवून तुझ्याकडे बघितलं. तू थांबलीस. त्याने मान पुन्हा सरळ केली तेव्हा चाप ओढलास.

"आपल्या पथकात एवढा वेळ थांबणारा कुणी नाही," असं तो म्हणाला. "तूसुद्धा नाहीस, तोर्गेर." हे मी जसंच्या तसं लिहिलंय, तुला माझ्याकडून स्तुती ऐकायची सवय नाही म्हणून.

मग तू मुसाच्या मानेवर हात ठेवून पुष्कळ वेळ बसलीस, असंही तो म्हणाला. हे त्याने दाराबाहेर जाताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्याने मॅग्नम विकायला काढली आहे. गिऱ्हाईक मिळत नाही, कारण भुवईवरचा व्रण सगळ्यांना दिसतो.

तू घरी आलीस. बेराच्या पंजांतला बर्फ काढलास, बंदूक पुसलीस, ताटातला थंड भात संपवलास. मी "परत गरम करू?" विचारलं, तू "नको" म्हणालीस. मग लाकडाच्या शेडमध्ये गेलीस आणि लाकडं फोडायला लागलीस. घरातली लाकडांची पेटी भरलेली होती. तरी घाव ऐकू येत राहिले. मग ते थांबले तेव्हा मी कुबड्या घेऊन आलो. तू ओंडक्यावर बसली होतीस, हातमोजे काढून. वर न बघता विचारलंस, "बाबा, सवय कधी होते?"

मी म्हणालो, "होते हळूहळू."

मी ते का म्हणालो ते सांगतो. तू इतकी लाकडं फोडून बसली होतीस आणि मला काहीतरी म्हणायचं होतं. पण ते खरं नव्हतं. तू आता फेब्रुवारीत पुन्हा त्या डोंगरावर जाणार की राजीनामा देणार हे ठरवते आहेस, आणि माझ्या त्या दोन शब्दांवर विसंबून ठरवशील अशी भीती वाटते. तसं करू नकोस. आज ना उद्या सोपं होईल म्हणून राहू नकोस. राहायचं असेल तर ते सोपं नाही हे धरूनच राहा. सोडलंस तर तुझ्यात काही कमी आहे असं मी समजणार नाही. आणि कुठलंही ठरवलंस तरी ये. हंगामाशी संबंध न ठेवता ये. मे महिन्यात नदी मोकळी होते तेव्हा ये.

मी पथकाला कळवलंय की आता मला बोलावू नका. खुब्याचं कारण दिलं. खुबा बरा झाला तरी जाणार नाही, हे फक्त तुला सांगतो. दमलोय मी. लिहून बघितलं तर फार मोठा शब्द नाही तो.

तू लहान होतीस तेव्हा शाळेच्या मैत्रिणींना आपली शेड दाखवायचीस. आमच्याकडे दरीतली सगळ्यात जास्त लाकडं आहेत म्हणून सांगायचीस, माझे बाबा फार कामसू आहेत म्हणायचीस. आई स्वयंपाकघरातून ऐकायची आणि काही बोलायची नाही. प्रत्येक शोधानंतर मी कुठे जायचो ते तिला माहीत होतं. ती कॉफीचा पेला आणून ओंडक्यावर ठेवायची आणि दार ओढून घ्यायची.

मला सवय कधीच झाली नाही, सोलरुन. म्हणून तर आपल्याकडे तीन हिवाळे पुरतील इतकी लाकडं आहेत.

बाबा